कार्ड वाचता येत नाही

सकाळी सव्वादहाला सिस्टरनं कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि फोटो निघाला नाही.

तिनं पुन्हा दाबलं. कॅमेरा बारीक टुकटुकला आणि मागच्या पडद्यावर अक्षरं उमटली: ‘कार्ड वाचता येत नाही. फॉरमॅट करायचं?’ खाली दोन चौकटी, ‘हो’ आणि ‘नाही’. त्यातली ‘हो’ची चौकट आधीपासूनच उजळलेली होती.

“आता याला काय झालं?” म्हणत सिस्टरनं अंगठा मधल्या बटणाकडे नेला.

“हात काढ!”

काकू दारातून ओरडल्या. हातातलं कोमट पाण्याचं पातेलं त्यांनी ठेवलं म्हणण्यापेक्षा टाकलंच. अर्धं पाणी फरशीवर गेलं. “कशालाही हात लावू नकोस. आहे तसा धर. श्वास घे हवा तर, पण अंगठा हलवू नकोस.”

सिस्टर थिजली. ती गेले तीन आठवडे दर आठवड्याला या घरी येत होती, पण काकूंचा असा आवाज तिनं ऐकला नव्हता. “अहो काकू, तो विचारतोय फक्त.”

“तेच तर. फॉरमॅट म्हणजे काय माहितीये? घर झाडून देतो म्हणायचं आणि घरातली माणसंही केरात काढायची. ‘नाही’वर ने. हळू. बाणाचं बटण. आता दाब.”

सिस्टरनं दाबलं. पडदा काळा झाला.

काकूंचं घर म्हणजे दुकानाच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. खाली दुरुस्तीचं दुकान, मधे अरुंद जिना. नवरा कॅमेरा मेकॅनिक. गल्ली त्यांना काका म्हणायची आणि काही जुनी गिऱ्हाइकं लेन्सवाले. लग्न झाल्यापासून काकू खाली गल्ल्यामागे बसत आल्या होत्या आणि दुकानाचा फोन त्यांच्याच हाताखाली होता. गिऱ्हाईक घाबरून फोन करायचं, पडद्यावर आलेलं वाचून दाखवायचं आणि काकू तीन-चार प्रश्न विचारून ठरवायच्या की कॅमेरा दुकानात आणायला सांगायचा की घरीच बरा करायचा. आयुष्यात त्यांनी एकही स्क्रू उघडला नव्हता. काकांनी कधी फोन उचलला नव्हता. “निदान हिचं, चिरफाड माझी,” असं ते सगळ्यांना सांगत. इतक्या वर्षांच्या फोनांतून काकूंना एक गोष्ट कळली होती. बायकोनं विचारलेल्या प्रश्नाला दोन दिवस उत्तर न देणारा पुरुषही यंत्रानं काही विचारलं की ताबडतोब ‘हो’ म्हणून मोकळा होतो.

आता काका खाटेवर होते. डावा पाय उशीवर, तोंड भिंतीकडे. ड्रेसिंग सुटलं की ते भिंतीकडे तोंड करायचे आणि नवं बांधून झालं की वळायचे. आपली जखम त्यांनी एकदाही पाहिलेली नव्हती.

ती झाली कशी, हे सांगण्यासारखं आहे. काकांना साखरेचा आजार जुना, तळपायाला संवेदना जवळजवळ नाही. एका संध्याकाळी टेबलावरून कॅमेऱ्याचा एक स्क्रू निसटला. काकांनी तो टॉर्च घेऊन, चुंबक फिरवून, गुडघ्यावर बसून शोधला. मिळाला नाही. मिळाला तो दुसऱ्या दिवशी, त्यांच्याच बुटात, अंगठ्याखालच्या मांसात रुतलेला. काखेत कळसा म्हणतात तो प्रकार, फक्त कळसा पायात होता आणि काका त्यावर दिवसभर उभे होते.

जखम चिघळली. जुन्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लहान होत गेली तर थांबू. काळी पडायला लागली तर थांबता येणार नाही, पुढचं अर्धं पाऊल काढावं लागेल. म्हणून दवाखान्याची नर्स दर आठवड्याला घरी यायची, ड्रेसिंग बदलायची आणि दवाखान्याच्या त्याच कॅमेऱ्यानं, तेवढ्याच अंतरावरून, शेजारी तारीख लिहिलेली कागदी मोजपट्टी ठेवून फोटो काढायची. एका फोटोत नुसती जखम दिसते. ती कुठल्या दिशेनं चाललीय ते कळायला आधीचे फोटो लागतात. दुर्दैवानं जुने डॉक्टर याच महिन्यात दुसऱ्या गावी गेले होते. नव्यांनी काकांचा पाय पाहिलेला नव्हता, आणि आज दुपारी तीनला त्यांची बैठक होती, परवाच्या ऑपरेशनांची यादी पक्की करण्याची. यादीत काकांचं नाव पेन्सिलनं लिहिलेलं होतं.

“सिस्टर, आधीचे फोटो दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर आहेत ना?” काकूंनी विचारलं.

सिस्टर कॅमेऱ्याकडे बघू लागली. मग म्हणाली, “कॉम्प्युटर बदलताहेत. दोन महिने झाले. सगळं कार्डावरच आहे.”

“सगळं?”

“सगळ्या पेशंटचं.” ती म्हणाली. “फाईलमध्ये मापं आहेत, पण माझ्याआधी जी नर्स यायची ती आडवं मोजायची, मी उभं मोजते. नवे डॉक्टर म्हणाले, आकडे नकोत, फोटो आणा.”

“तुझ्या फोननं काढ की आत्ताचा.”

“पेशंटचा फोटो स्वतःच्या फोनवर काढला तर नोकरी जाईल माझी. आणि आजचा एकटा फोटो पाहून ते काय म्हणतील? शितावरून भाताची परीक्षा करतील.”

भिंतीकडून आवाज आला, “काय म्हणतोय तो?”

दुकानात कुठलाही कॅमेरा आला की काका हाच प्रश्न विचारत. काकूंनी नेहमीच्याच सुरात उत्तर दिलं, “कार्ड वाचता येत नाही म्हणतोय.”

“मग कार्डाला काही झालेलं नसेल.”

“असं कसं, काका?” सिस्टर म्हणाली. “तो स्वतः सांगतोय.”

“तान्हं पोर रडतं तेव्हा काय सांगतं? भूक लागली तरी तेच रडणं, पोट दुखलं तरी तेच. कॅमेरा खोटं बोलत नाही गं, पण आपल्याला नेमकं कुठं दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. त्याच्या शब्दावर जाऊन लोक नवं कार्ड आणतात. म्हैस आजारी आणि इंजेक्शन पखालीला.”

“तुम्ही भिंतीशी बोलताय की आमच्याशी?” काकू म्हणाल्या. “सिस्टर, आधी पाय झाक. मग मी विचारीन त्याची उत्तरं दे. शेवटचा फोटो नीट निघाला तो कधी?”

“शुक्रवारी सकाळी, दुसऱ्या पेशंटकडे.”

“त्यानंतर कार्ड बाहेर काढलं होतंस?”

“हो. नव्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं. त्यानं घेतलं नाही, मग परत कॅमेऱ्यात घातलं.”

“हात कसे होते?”

“स्वच्छ!” सिस्टर दुखावली. “मी दर वेळी जंतुनाशक लावते. कार्ड काढण्याआधी लावलं, घालण्याआधीही लावलं.”

“ओले होते?”

सिस्टरनं बोटं एकमेकांवर घासून पाहिली. “थोडे चिकट होते. ते जेल तसंच असतं.”

“हं,” काकू म्हणाल्या. “कॅमेरा बंद कर. बॅटरी काढ. आता कार्ड काढ, पण सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नकोस. उजेडात धर.”

कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्या मंद दिसत होत्या, बोट फिरवलेल्या आरशासारख्या. तिरकं धरलं की त्यावर एका अंगठ्याच्या रेषा मोजता आल्या असत्या.

“स्वच्छतेनं केलेला घाण प्रकार पहिल्यांदाच पाहिला,” काकू म्हणाल्या. त्या जिना उतरून दुकानात गेल्या आणि वर आल्या तेव्हा त्यांच्याकडे सुती फडकं, पांढरं खोडरबर, हवेचा रबरी फुगा आणि काकांचा चिमटा होता. खोडरबर त्यांनी सिस्टरच्या हातात दिलं. “एकाच दिशेनं. घासायचं नाही, पुसायचं. चुकून पेन्सिलीनं काढलेली रेघ वहीत कुणाला दिसू नये म्हणून पुसतो तसं.”

सिस्टरनं पुसलं. तिचा हात चांगला होता. जखमा पुसणारा हात, त्याला दाब किती द्यायचा ते सांगावं लागलं नाही. पट्ट्या चमकल्या. फडक्यानं कण टिपले, कार्ड घातलं, बॅटरी घातली, बटण दाबलं.

कॅमेऱ्याची लेन्स नाक बाहेर काढावं तशी पुढे आली, मधेच थांबली, करकरली आणि मागे गेली. पडद्यावर नवं वाक्य: ‘लेन्समध्ये बिघाड. कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करा.’

“आँ?” सिस्टर जवळजवळ रडायला आली. “हे तर मघाशी नव्हतं! काकू, आपण वाढवलं का?”

“गप्प,” काका म्हणाले. “पुन्हा चालू कर.”

पुन्हा तेच करकरणं.

“मोटर ठीक आहे. दात तुटलेला असता तर टकटक आली असती. यात काहीतरी मऊ अडकलंय. इकडे आण.” ते उताणे झाले. काकूंनी पाठीमागे दुसरी उशी दिली, छातीवर टॉवेल पसरला आणि त्यावर कॅमेरा ठेवला. काकांनी तो कानाशी नेला, हलवला, लेन्सच्या कडेनं नखाचं टोक फिरवलं. हाताला काम लागलं तसा त्यांचा चेहरा बदलला. दीड महिना या खोलीत जो माणूस होता तो पेशंट होता. आता तिथं मेकॅनिक बसला होता. “बॅटरी काढ. चिमटा दे. तो नको, बारीक टोकाचा.”

“एकच आणलाय.”

“मग तोच बारीक असेल.”

फुग्यानं दोनदा हवा मारून त्यांनी लेन्सच्या दोन नळ्यांमधल्या फटीत चिमटा घातला आणि एक पांढरा धागा ओढत ओढत बाहेर काढला. बोटभर लांब होता.

“कापूस,” सिस्टर म्हणाली.

“ड्रेसिंगचा. पेशंटला बांधलास तेवढाच कॅमेऱ्यालाही बांधलास. हा बरेच दिवस आत असणार. आज लागोपाठ उघडझाप झाली तेव्हा अडकला.”

“बिल लावा आता,” सिस्टर म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

लेन्स गुपचूप पुढे आली आणि पूर्ण उघडली. मग पडद्यावर तिसरं वाक्य आलं: ‘कार्ड लॉक आहे.’

सिस्टरनं कपाळाला हात लावला. काकू मात्र खुर्चीत टेकल्या. त्यांचा जीव निम्मा भांड्यात पडला होता. “हे चांगलं आहे. मघाशी त्याला कार्ड ओळखूच येत नव्हतं. आता ओळखतोय, फक्त दार लावलंय म्हणतोय. कार्डाच्या कडेला चिमुकली कळ असते, ती पुसताना खाली सरकली. राहू दे तशीच. दार लावलेलं असताना बघता येतं, पुसता येत नाही. आपल्याला आज बघायचंच आहे. काकांचेच फोटो उघड, बाकीच्यांचे मला दाखवू नकोस.”

सिस्टरनं तारीख पाहून पहिला फोटो उघडला. काकूंनी चष्मा लावला.

पहिल्या आठवड्याची जखम काकूंच्या ओळखीची होती. लालभडक, कडा सुजलेल्या, रुंदीला मोजपट्टीवरच्या साडेतीनपर्यंत गेलेली. दुसरा फोटो जवळपास तसाच. तिसऱ्यात कडा बसल्या होत्या. चौथ्यात जखम आत ओढली गेली होती, गुलाबी झाली होती. काकू मनातल्या मनात पुढचा फोटो आधीच पाहू लागल्या होत्या.

पाचवा फोटो काळसर होता.

निळसर-काळसर. जखमेचा मध्य जांभळा, कडा शिशासारख्या, अंगठा तर मेलेल्या माणसाचा वाटावा असा. सहावाही तसाच. खाली गल्लीत कुणीतरी शटर वर ढकललं, त्याचा आवाज खोलीत आला आणि गेला.

“मी पाहिलं तेव्हा असं नव्हतं,” सिस्टर शेवटी म्हणाली. “मी स्वतः ड्रेसिंग केलंय काकू, लाल होती. नक्की लाल होती.” मग तिचीच खात्री डळमळली. “मला पडदा थोडा मंद वाटला होता. मला वाटलं, बॅटरी उतरली असेल.”

“गप्प का झालात दोघी?” काकांनी विचारलं.

काळी पडायला लागली तर थांबता येणार नाही. हे वाक्य काकूंनी गेले कित्येक दिवस भांडी घासताना, जिना उतरताना, गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना ऐकलं होतं. आता दुपारी तीनला हा फोटो नव्या डॉक्टरांच्या समोर जाईल. त्यांना जखम माहीत नाही, माणूस माहीत नाही. लाल, लाल, गुलाबी, काळं. दिशा अगदी स्पष्ट. पेन्सिलीवरून शाई फिरवायला एवढं पुरे.

त्यांनी नजर जखमेवरून काढली, कारण तिथं ठेववेना. ती बाजूला गेली आणि मोजपट्टीवर अडकली.

फोनवर हजार वेळा विचारलेला प्रश्न काकूंच्या तोंडून आपोआप बाहेर पडला. “पांढरं पांढरं दिसतंय का?”

“काय?”

“ही पट्टी. ही पांढऱ्या कागदाची आहे ना? चौथ्या फोटोवर जा. कशी दिसते?”

“पांढरी.”

“आता पाचवा.”

सिस्टर वाकली. “निळी,” ती म्हणाली. मग मोठ्यानं, “निळी आहे! शाईत बुडवल्यासारखी! चादरही निळी आहे. काकू, तुमची चादर पांढरी आहे!”

“माझ्या चादरीला नीळ नको तेवढी लागलेली नाही,” काकू म्हणाल्या. त्यांचं डोकं ताळ्यावर आलं होतं. जखम काळी पडू शकते. कागद आजारी पडत नाही. चौथा फोटो निघाला त्यानंतर आणि पाचवा निघाला त्याआधी कुणीतरी या कॅमेऱ्याला, उजेड कुठल्या रंगाचा आहे, याबद्दल चुकीचं सांगितलं होतं. आणि ती सेटिंग पोटातल्या पोटात लपलेली असते, चुकून बोट लागून बदलत नाही. ती बदलायला माहीत असणारा माणूस लागतो.

त्या हळूच खाटेकडे वळल्या.

“अहो.”

काकांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं होतं.

“अहो, मी तुमच्याशी बोलतेय. तुम्ही या कॅमेऱ्याला हात लावला होतात?”

“पिवळं दिसत होतं,” भिंत म्हणाली.

“काय पिवळं दिसत होतं?”

“सगळं. ती हात धुवायला गेली होती, कॅमेरा इथं खाटेवर होता, चालू. खिडकीचे पडदे ओढलेले, माझा दिवा लागलेला. कॅमेऱ्यात सगळं पिवळंधमक. आपल्या घरात असा कॅमेरा... म्हणून रंग दिव्याच्या उजेडावर लावून दिला, पिवळं मारायला तो निळं भरतो. दोन सेकंदांचं काम.”

“आणि मी आले की दिवा बंद करते,” सिस्टर सावकाश म्हणाली, “आणि पडदा उघडते. खिडकीच्या उजेडात फोटो काढते. नेहमी. काका, तुम्हाला ते दिसत नाही?”

“मी इकडे बघत असतो,” काका म्हणाले.

काकू उठून खाटेजवळ गेल्या. त्यांना ओरडायचं होतं आणि हसायचंही होतं, आणि दोन्ही एकदम निघत नव्हतं. “हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! स्वतःच्या पायाकडे बघवत नाही, पण दुसऱ्याच्या कॅमेऱ्याची मेली खाज सुटते! अहो, स्वतःच्या हातानं स्वतःचं पाऊल कापायला निघाला होतात!”

“मी दुरुस्त केलं होतं,” काका म्हणाले.

“काका, हा दवाखान्याचा कॅमेरा आहे.” सिस्टरचा आवाज आता वेगळाच होता, नर्सचा. “माझे बाकीचे पेशंट आहेत त्यावर. तेव्हापासूनचे सगळ्यांचे फोटो असेच निघाले असणार. एका बाईची टाच आहे, एकाचं भाजलंय. मला हे लपवता येणार नाही. आत्ता फोन करून सांगावं लागेल.”

काका वळले. “सांग. माझं नाव सांग. तुझी काही चूक नाही.”

“कापसाची आहे. जेलची आहे. ती मी सांगीन. ही तुमची.”

“हो. ही माझी.”

सिस्टर जिन्यात जाऊन फोनवर बोलली. दारातून अर्धंच ऐकू येत होतं: “...नाही, रंगावर जाऊ नका म्हणावं... पट्टी निळी आहे, त्यावरून कळतं... हो, पेशंटनंच... नाही हो, मेकॅनिक आहेत ते...” परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. “बोलणी बसली. पण म्हणाले, तीनच्या आत कार्ड आणा आणि जे झालं ते लिहून द्या. आणि आजचा फोटो नीट हवा.”

मग तिघं कामाला लागले. काकूंनी दुकानातून नवं कोरं कार्ड आणलं. जुन्यावर आता एक ठिपकासुद्धा पडू द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं आणि ते डबीत घालून सिस्टरच्या पर्समध्ये स्वतः ठेवलं. काकांनी रंगाची सेटिंग कुठं दडलेली असते ते सांगितलं, सिस्टरनं ती मूळ जागी आणली आणि तिघांनी मिळून दोनदा तपासली. दिवा बंद. खिडकीचा पडदा पूर्ण उघडा. पट्टीवर आजची तारीख. पायाखाली धुतलेली पांढरी चादर, जिच्याबद्दल काकूंनी आणखी एक शब्द ऐकून घेतला नसता.

ड्रेसिंग सुटलं. काकांची मान सवयीनं भिंतीकडे जायला लागली.

सिस्टरनं तीन फोटो काढले, कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि काकूंना दाखवला. काकूंनी पाय पाहिला, पडदा पाहिला, पुन्हा पाय पाहिला. “मला बरोबर वाटतोय. पण इतक्या वर्षांत रंगाचा शेवटचा शब्द माझा कधीच नव्हता. गिऱ्हाइकाला कॅमेरा परत देताना हेच बघायचे. वस्तू आणि फोटो शेजारी ठेवून.”

काकांना कळलं की आपल्याला काय सांगितलं जातंय. ते कोपरावर भार देऊन उठून बसले. काकूंनी पाठीला हात लावला. सिस्टरनं कॅमेरा पायाच्या शेजारी धरला.

त्यांनी आधी पडदा पाहिला. वेळ घेऊन पाहिला. मग पाय पाहिला.

जखम तिथं होती. ओली, गुलाबी-लाल, मधे खोल आणि कडेनं नव्या कातडीची फिकट रेघ असलेली. पट्टीवर ती दोनच्या अलीकडेच संपत होती. अंगठ्याचा रंग अंगठ्याचाच होता. पावलाची कातडी मात्र सुकलेली, नखं वाढलेली, सगळं पाऊल काकांच्या अंदाजापेक्षा म्हातारं. ते बघत राहिले.

“रंग बरोबर आहे,” ते म्हणाले. “एवढंच आहे?”

“एवढंच म्हणजे?” सिस्टर म्हणाली. “कमी वाटतंय?”

“मी... मला वाटलं होतं अर्धं गेलंच असेल. तुम्ही सांगत नसाल मला.”

“सहा आठवडे हेच सांगतोय,” काकू म्हणाल्या. “भिंतीला सांगितलं असतं तर तिला पटलं असतं.”

“ही कड,” काकांनी वाकून बोट दाखवलं, लावलं नाही, “ही फिकट रेघ. ही चांगली की वाईट?”

“चांगली,” सिस्टर म्हणाली. “ती आत सरकत येते. पण काका, मी डॉक्टर नाही. खोल किती आहे ते फोटोत दिसत नाही, आणि हाडाचं मी काही सांगू शकत नाही.”

“ते ठीक. जेवढं दिसतं तेवढं दिसलं.”

नवं ड्रेसिंग बांधून होईपर्यंत काका बसूनच होते आणि प्रत्येक घडी कशी घातली जाते ते पाहत होते. दोनदा त्यांनी सूचनाही केली. दुसऱ्या सूचनेनंतर सिस्टर म्हणाली, “काका, कॅमेऱ्याला लावलात तेवढे हात पुरे.” दुपारच्या आत ती दोन्ही कार्डं आणि काकांच्या सहीचा अर्धा कागद घेऊन स्कूटरवरून निघून गेली.

काकूंनी दुकान उघडलं, कारण वर बसवेना. तीन वाजून गेले. साडेतीनला फोन वाजला तेव्हा त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. एक बाई होती. कॅमेरा म्हणत होता की बॅटरी संपली, आणि बॅटरी तर रात्रभर भरलेली.

“बॅटरी काढा, तिच्या टोकांवर कोरडं फडकं फिरवा, घाला,” काकू म्हणाल्या. “आणि बाई, मला लाईन मोकळी हवीये. बरा झाला नाही तर उद्या सांगा.”

वर काका काठीनं जमिनीवर ठोकत होते. दर काही मिनिटांनी. “आला का?”

“आला की ओरडीन!”

पाचला काकूंनी स्वतःच दवाखान्यात फोन लावला. बैठक चालू आहे, असं उत्तर आलं. त्यांनी गल्ल्यामागच्या फळीवरचे दुरुस्त होऊन पडलेले कॅमेरे पुसले. मग पुन्हा पुसले.

सिस्टरचा फोन आला तेव्हा बाहेरचे दिवे लागायला सुरुवात झाली होती. ती रस्त्यावरून बोलत होती, मागे गाड्यांचा आवाज होता.

“काकू, ऐका. डॉक्टरांनी दोन्ही कार्डं पाहिली. सगळे फोटो, ओळीनं. निळ्या दोन फोटोंच्या रंगावर ते काही बोलायला तयार नाहीत. पण पट्टीवरची मापं त्यांनी स्वतः घेतली, सातही फोटोंची. आडवी आणि उभी.”

“आणि?”

“आणि काही नाही म्हणाले. कागदावर लिहून घेतली. मग विचारलं, या पेशंटचं घर कुठं आहे.”

“घर? कशाला?”

“उद्या सकाळी नऊला ते स्वतः येताहेत. पाय बघायला. सोबत काहीतरी यंत्र आणणार आहेत, रक्त कुठपर्यंत पोचतंय ते बघायचं.”

काकूंनी गल्ल्याची कड धरली. “आणि यादी?”

गाड्यांचा आवाज गेला, परत आला.

“परवाच्या यादीत नाव आहे, काकू,” सिस्टर म्हणाली. “अजून पेन्सिलनंच.”